पेवातला अझोट

मी भित्री आहे. आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे पुढे कोणी म्हणायला नको की बाई मोठ्या धीराची होती. तोंड फटकळ असलं की लोकांना वाटतं, ही कोणाला भीत नसेल. माझं उलट आहे. मला भीती वाटली की मी ओरडते. घरच्यांना हे कळायला फार वर्षं लागली, आणि काहींना कळलंच नाही.

त्या वायूचं नाव मी मेहकरला शिकले. महाराष्ट्र तेव्हा नवा नवा झाला होता आणि मी मॅट्रिकच्या वर्गात होते. आमचं गाव साखरखेर्ड्याच्या बाजूला, आणि गावात शाळा फक्त चौथीपर्यंत, म्हणून मी मामांकडे राहत होते. मामा कचेरीत कारकून. पोरीला शास्त्र विषय कशाला, म्हणून मामींनी पुष्कळ तोंड वाजवलं, पण मामा म्हणाले, "शिकू दे, आपलं काय जातं?"

शास्त्र शिकवणारे सर उंच, कोरडे, कधी न हसणारे. त्यांना एक खोड होती. कुठलाही वायू, कुठलाही धातू शिकवायचा, तर आधी त्याचं बारसं सांगायचं. नाव कोणी ठेवलं, काय पाहून ठेवलं. परीक्षेत यातलं काही येत नसे, म्हणून मुलं जांभया द्यायची. मी मात्र कान देऊन ऐकायची.

त्या दिवशी त्यांनी परातीत पाणी घेतलं, मधोमध मेणबत्ती लावली आणि तिच्यावर काचेची बरणी उपडी घातली. ज्योत लहान लहान होत गेली आणि विझली. पाणी थोडं वर चढलं. सर म्हणाले, "प्राणवायू संपला. आता आत जो उरला, त्यातला बहुतेक नत्रवायू. आपण श्वासात घेतो त्या हवेत पाचातले चार हिस्से हाच असतो."

मग बारसं. सर सांगत होते, फ्रान्समधल्या एका शास्त्रज्ञानं पाहिलं, की या वायूत दिवा जळत नाही आणि जनावर कोंडलं तर मरतं. त्यानं नाव ठेवलं 'अझोट'. ग्रीक भाषेतला शब्द. 'अ' म्हणजे नाही, अगदी आपल्या अज्ञानातला, अशक्तातला 'अ' असतो तसाच. आणि 'झोए' म्हणजे जीव. ज्यात जीव नाही तो अझोट. जर्मन लोकांनी त्याला 'गुदमरवणारा' असं नाव दिलं. दुसऱ्या एका फ्रेंच शास्त्रज्ञानं निराळंच पाहिलं, आणि इंग्रजांनी त्याचं नाव उचललं. गोठ्याच्या जुन्या भिंतीला पांढरा लोणा चढतो, त्यातून सोरा निघतो, सोऱ्याची बंदुकीची दारू होते. त्या सोऱ्यात हा वायू असतो, म्हणून सोरा उपजवणारा तो नायट्रोजन. आपलं 'नत्र' त्याच घराण्यातलं.

मी हात वर केला. "सर, पण पिकाला नत्र लागतं म्हणता ना? मग जीव नाही असं नाव कसं?"

सर म्हणाले, "नाव ठेवलं तेव्हा ते माहीत नव्हतं. त्यांनी फक्त मरताना पाहिलं होतं. आणि हे लक्षात ठेव, हा वायू विष नाही. तो कोणाला काही करत नाही. तो नुसता कामाचा नाही. माणूस श्वास घेत राहतो, छाती हलत राहते, आणि तरी मरतो."

बाप्पा! पुढे कित्येक दिवस मला झोप नीट लागली नाही. साप दिसतो, विंचू दिसतो, आग दिसते. हे काय होतं? रंग नाही, वास नाही, आणि खोलीभर तेच! मामी खिडकी लावायला गेल्या की मी उठून उघडायची. मामी म्हणायच्या, "शास्त्र शिकून पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला."

परीक्षा झाली आणि मी गावी आले, कारण वैशाखात माझ्या ताईचं लग्न होतं. ताईचं आधी एका ठिकाणी जुळून मोडलं होतं. साखरपुड्यानंतर मोडलं, तेही त्यांच्याकडं कोणी म्हातारं वारलं आणि ते 'पोरीचा पायगुण' म्हणाले म्हणून. त्यामुळं या वेळी घरातली झाडून सगळी माणसं शकुनाला जपत होती. कोणी शिंकलं तरी काकू त्याच्याकडं डोळे वटारून पाहायच्या.

काकू म्हणजे माझ्या सख्ख्या काकांची बायको. आई सारखी आजारी, म्हणून लग्नाचा सगळा भार काकूंवर. त्यांना मूलबाळ नव्हतं. ताईला आणि मला त्यांनीच न्हाऊमाखू घातलेलं. काका म्हणजे नुसता हसरा माणूस. बोलता बोलता कोणाचीही टोपी उडवायचा. मेल्याचं सोंग घेऊन खाटेवर पडायचा आणि काकू रडायला लागल्या की एक डोळा उघडायचा. काकू चिडून म्हणायच्या, "एक दिवस खरंच मरसान, अन् मी उठनारबी नाही चुलीपासून."

लग्नाच्या आदल्या दिवशी पीठ संपत आलं. पाहुणे आधीच येऊन बसले होते, गाडीवाले, सालदार, मांडवाचे गडी, सगळ्यांना भाकरी. कणगीतली ज्वारी तळाला गेली. तेव्हा पेव काढायचं ठरलं.

आता पेव कोणी पाहिलेलं नसतं, म्हणून सांगते. गावठाणाच्या कोरड्या पांढऱ्या मातीत खोल खड्डा खणायचा, दोन पुरुष तरी खोल. तोंड अरुंद, एक माणूस जेमतेम उतरेल इतकं, आणि खाली पोट मोठं. आतून कडबा लावायचा, ज्वारी भरायची, वर शिळा ठेवून मातीनं लिंपून टाकायचं. वर्ष-दोन वर्षं ज्वारी आत राहते. पण कोंडलेली ज्वारी आतली हवा खाऊन टाकते. हे गावात सगळ्यांना माहीत होतं. म्हणूनच रीत अशी, की शिळा काढून पेव रात्रभर उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा. तळाशी कंदील जळत राहिला तर माणूस उतरवायचा. विझला तर लिंबाचा डहाळा दोरीनं खालीवर घुसळायचा आणि पुन्हा कंदील. आमच्याकडं दर वेळी असंच व्हायचं. आमचं पेव निम्मं उपसून पुन्हा लिंपलेलं होतं, म्हणजे आत पोकळी मोठी.

त्या दिवशी रात्रभर थांबायला वेळ कुठला? दुपारी शिळा काढली. आंबूस, कोंदट वाफ वर आली. काकांनी धोतराचा काचा मारला. मी परसातून धावत आले.

"काका, कंदील सोडला काय?"

काका काही बोलायच्या आत काकू कडाडल्या. "लग्नघरात जळता दिवा आत सोडून विझवाचा? अवदसा आठोली काय व तुले? देवाजवय दिवा लावला हाये, पोरीले हळद लागली हाये, अन् तू दिवे विझवाले निघाली!"

"पण काकू, विझला तर समजंल ना..."

"विझलाच नाही पायजे! यंदा कोनताच दिवा विझनार नाही या घरात!"

भोवती बायका जमल्या होत्या. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी बाबांकडं पाहिलं. बाबा शहाणा माणूस, पण ताईचं एकदा मोडलेलं त्यांच्या मनात होतं. ते म्हणाले, "तोंड उघडून घडीभर झाली. आता काय होत नाही."

मी ओरडले. ओरडायचं नव्हतं, नीट सांगायचं होतं, पण भीतीनं आवाज चढला. "खाली अझोट आहे! माणूस मरतो त्यात!"

काका कमरेवर हात ठेवून हसले. "हा अझोट कोन बे? पाव्हना हाये काय नवरदेवाकडचा?"

"अझोट म्हणजे ज्यात जीव नाही तो."

"मंग भेव कायचं व मास्तरीनबाई? जीवच नाही तं चावन कसा?"

सगळं अंगण हसलं. बाबाही हसले. आणि काका दोर धरून आत उतरले. कमरेला दोर बांधून घ्या म्हटलं, तर म्हणाले, "मी काय बैल हावो?"

मी पेवाच्या तोंडाशी गुडघे टेकून बसले होते. खालून आवाज आला, "लई गरम हाये बे." मग ज्वारी सरकल्याचा आवाज. मग, "दादा, टोपलं..." आणि पुढं काही नाही. काहीतरी जड ज्वारीवर बसावं तसा आवाज झाला.

"काय रे?" बाबांनी विचारलं.

काही नाही.

"अरे लहान्या!"

काकू सूप हातात घेऊन उभ्या होत्या. त्या हसल्या. "सोंग करून राह्यले. बोलू नोका त्याइच्याशी. आपोआप येतीन वर."

आणि लोक खरंच थांबले हो! थांबले आणि हसत राहिले. काकांचं सोंग सगळ्या गावाला ठाऊक. मी आत डोकावले. उन्हातून एकदम अंधारात काही दिसेना, मग धोतराचं पांढरं दिसलं आणि एक हात दिसला. हात ज्वारीत रुतलेला होता आणि बोटं वाकडी झाली होती. सोंगात बोटं अशी होत नाहीत.

मी किंचाळले. तेव्हा बाबांना कळलं. त्यांनी अंगातली बंडी काढून फेकली आणि ते पेवाकडं धावले. सख्खा भाऊ खाली पडला आहे म्हटल्यावर दुसरं काय करणार? मागं धाड गावाकडच्या एका घरात असंच झालं होतं, एकामागं एक उतरले आणि एकामागं एक राहिले. ती गोष्ट मी लहानपणापासून ऐकलेली. मी बाबांच्या पायांना मिठी मारली. ते म्हणाले, "सोड." मी सोडलं नाही. त्यांनी मला मारलं. आयुष्यात एकदाच मारलं, तोंडावर, जोरात. मी तरी सोडलं नाही. काकू ओरडत होत्या, "सोड त्याइले, कैदाशिनी! तुह्या काकाले मारतं काय!"

मला काय सुचलं आणि कसं सुचलं, देव जाणे. बाबा गावातले पट्टीचे बुडी मारणारे. कोणाची बादली, कोणाचा लोटा विहिरीत पडला की बोलावणं बाबांनाच. मी त्यांच्या पायाशी पडूनच ओरडले, "बाबा, विहीर समजा! खाली पानी हाये समजा! श्वास घ्याचा नाही, बोलाचं नाही! बुडी मारता तसे जा, अन् वर येऊन दम घ्या!"

बाबा थांबले. माझ्याकडं पाहिलं. हवा नसते म्हणजे काय, हे त्यांना कळलं नसेल. पण पाणी त्यांना कळत होतं. त्यांनी पट्कन कमरेला एक दोर बांधला, दुसऱ्याला फास केला, गड्यांकडं बोट करून म्हणाले, "दोर हालला का वढा." मग छाती भरून दम घेतला, गाल फुगवले आणि आत गेले.

माझी ती भीती मी कोणाला कशी सांगू? ज्या माणसाला मी पायाला धरून अडवलं, त्यालाच मी आता सांगून सवरून आत पाठवलं होतं. तो वर नाही आला तर? काका गेले ते त्यांच्या हसण्यानं गेले, काकूंच्या शकुनानं गेले म्हणता येईल. बाबा जातील ते माझ्या शब्दावर जातील. माझाही श्वास मी धरून ठेवला होता, ते मला नंतर कळलं, डोळ्यांपुढं काळं यायला लागलं तेव्हा.

दोर हलला. गड्यांनी ओढला. बाबा एकटेच वर आले. डोळे लाल, तोंड घट्ट मिटलेलं. वर येऊन त्यांनी तोंड उघडलं तो आवाज अजून कानात आहे. "फास बसून नाही राह्यला," एवढंच म्हणाले. मला म्हणायचं होतं, पुरे बाबा, आता जाऊ नका. काकू समोर उभ्या होत्या. त्यांच्या हातातलं सूप केव्हाच पडलं होतं. बाबा पुन्हा दम घेऊन आत गेले.

या खेपेला दोर लवकर हलला. पेवाच्या तोंडातून एकच माणूस निघू शकतो, म्हणून आधी बाबांना ओढलं आणि मग दुसऱ्या दोरानं काकांना. काखेत फास अडकलेला, मान लुळी. ओठ जांभळे. तोंडात ज्वारीचे दाणे. बाबांनी त्यांना पालथं घातलं, बुडालेल्या माणसाला करतात तसं पाठीवर दाबायला लागले. दाबलं, सोडलं, दाबलं, सोडलं. मांडवात कोणीतरी मोठ्यानं देवाचं नाव घेत होतं. काकू नुसत्या काकांच्या तळव्यांना आपले हात घासत होत्या. मग काकांच्या घशातून घरघर आली, आणि मग एक लांब श्वास. अख्खं अंगण एकदम रडायला लागलं. काकू माझ्या गळ्यात पडल्या. "माय व! माही माय व!" एवढंच म्हणत राहिल्या.

साखरखेर्ड्याहून डॉक्टर आले, सुई देऊन गेले. श्वास चालू आहे, नाडी चालू आहे, झोपू द्या म्हणाले. दुसऱ्या दिवशी ताईचं लग्न लागलं. वरपक्षाला सांगितलं, काकांना ऊन लागलं. मधल्या खोलीत काका झोपलेले आणि बाहेर वाजंत्री. मी अक्षता टाकायला उभी राहिलेच नाही. काकांच्या उशाशी बसून त्यांची छाती वर होते की नाही, ते पाहत राहिले. छाती वर होत होती. सरांचं वाक्य मला नको असताना आठवत होतं, छाती हलत राहते म्हणून.

ताई सासरी गेली आणि त्यानंतर काका उठून बसले. पाणी मागितलं. भाकरी खाल्ली. घरात पुन्हा लग्न लागल्यासारखं झालं. काकू ताट वाढून समोर बसल्या. काकांनी त्यांच्याकडं पाहिलं आणि अदबीनं विचारलं, "तुमी कोन्या गावच्या हो?"

आम्ही हसलो. सगळे. बाबा तर डोळे पुसून पुसून हसले. काकू पदर तोंडाला लावून म्हणाल्या, "झालं सुरू ह्याइचं सोंग!" काकाही आम्ही हसतो म्हणून हसले. मग त्यांनी पुन्हा तेच विचारलं, तितक्याच अदबीनं. काकूंचा पदर तोंडावरच राहिला.

पुढं मी अमरावतीला कॉलेजात गेले. तिथं कळलं, की पेवात नुसता नत्र नसतो, धान्यानं सोडलेला कर्बवायूही मायंदाळ असतो, आणि मारायला तोही पुढं असतो. असेल. मला तेव्हा एकच नाव ठाऊक होतं आणि तेच मी ओरडले. दिवाळीला गावी आले, तर पेव बुजवून टाकलेलं. त्यावर काकूंनी भुईमुगाच्या शेंगा वाळत घातल्या होत्या. काका ओसरीवर बसले होते. तब्येत उत्तम, गाल भरलेले, दाढी केलेली. काकू शेजारी शेंगा सोलत होत्या. मी जवळ जाऊन बसले.

काकूंनी मान वर न करता विचारलं, "तू तवा काय म्हनली होती व? त्या हवेचं नाव?"

"अझोट."

"म्हंजे काय?"

"जीव नाही ज्यात, तो."

"जीव नाही म्हंजे मेला. असंच ना?" त्यांनी शेंग फोडली. दाणे सुपात टाकले. मग काकांकडं पाहिलं. "अन् मंग ह्याइले काय म्हनू मी?"

रडू आलं आणि थांबेना. पेवाच्या तोंडाशी भ्याले त्याहून मी तिथं त्या ओसरीवर जास्त भ्याले. काका माझ्याकडं पाहत होते, काळजीनं.

"हे पोरगी काऊन रडून राह्यली?" त्यांनी काकूंना विचारलं.

"काका," मी म्हटलं, "काका, मी आहे."

त्यांनी मान हलवली. "बरं, बरं," म्हणाले, आणि थोडं सरकून मला सावलीत जागा करून दिली. "उनातून आली दिसतं. जेवून जाय, बाई."